फायलीतली एम.एस्सी.

पुण्यात आजवर जितके कुलगुरू होऊन गेले, त्या सगळ्यांनी मिळून पाहिल्या नसतील इतक्या पदव्या आमच्या फ्रेमवाल्या चाचांनी एकट्याने पाहिल्या आहेत. कुलगुरूंची तर सहीसुद्धा छापलेली असते. चाचा प्रत्येक पदवी खरोखर वाचतात. कसबा पेठेतल्या त्यांच्या आठ बाय दहाच्या दुकानात कोणी प्रमाणपत्र घेऊन आलं की ते आधी हात धुतात, पंचाला पुसतात, कपाळावरचा चष्मा नाकावर आणतात आणि वरच्या बोधचिन्हापासून खालच्या तारखेपर्यंत सगळा मजकूर मोठ्याने वाचतात. ज्याची पदवी त्याने तोवर उभं राहायचं. फर्स्ट क्लास असेल तर तांबट आळीत भांड्यांवर पडणाऱ्या ठोक्यांच्या वर आवाज जाईल असा वाचतात. सेकंड क्लास असेल तर आवाज एवढा खाली आणतात की पेढे घेऊन आलेल्या आईलाही ऐकू जाऊ नये. इंग्रजी त्यांना येत नाही, पण पदवीवरचं इंग्रजी येतं. फॅकल्टी, डिस्टिंक्शन, एक्झामिनेशन हे शब्द ते आमच्या कॉलेजच्या सरांपेक्षा ठसक्यात म्हणतात. 'कन्फर्ड', म्हणजे प्रदान केलेली, हा त्यांचा सर्वांत आवडता शब्द. "तुझ्या बाबांनी काल मला चहा कन्फर्ड केला," असं एकदा त्यांनी मला गंभीरपणे सांगितलं होतं.

चाचा माझ्या बाबांचे शाळासोबती. दोघे महापालिकेच्या एकाच शाळेत एकाच बाकावर होते. दहावीनंतर बाबा कॉलेजात गेले आणि चाचा वडिलांच्या दुकानात बसले, ते अजून बसलेलेच आहेत. त्यांचं घर दुकानाच्याच वर. पणजोबांपासून ही मंडळी इथे राहतात, त्यामुळे चाचांचं मराठी अस्सल पेठेतलं आहे आणि माझं इंग्लिश मीडियमचं. सहावीत असताना मी शाळेतल्या ग्रुप फोटोची फ्रेम घेऊन गेले आणि म्हणाले, "चाचा, काच तुटून गेली." त्यांनी मान वर न करता विचारलं, "कुठे गेली? पत्ता दिलाय का?" त्यानंतर वर्षभर मी त्या दुकानात वाक्य मनात दोनदा म्हणून झाल्याशिवाय तोंड उघडलं नाही. पुढे माझ्या लक्षात आलं की मी काही बोलले नाही तरी त्यांना चालतं. मग मी नुसतीच जाऊन स्टुलावर बसायला लागले. काच कापताना येणारा तो कर्र आवाज, लाकडाच्या भुशाचा वास, आणि चाचांचं एकतर्फी बोलणं. न बोलणाऱ्या माणसाला याहून चांगली जागा पेठेत नाही.

कोणत्या पदवीला कोणती पट्टी लावायची हे गिऱ्हाइकाने ठरवायचं नाही, असा त्यांच्या दुकानाचा दंडक आहे. डॉक्टरांना सोनेरी. वकिलांना काळी, जाड. कला शाखेला साधी सागवानी रंगाची, "कारण ती टिकते, तिला तेवढंच करायचं असतं." इंजिनियरांना पूर्वी सोनेरी मिळायची, मध्यंतरी केव्हातरी चाचांनी कोणाला न सांगता त्यांना तपकिरीवर आणून ठेवलं. एम.बी.ए.ला चंदेरी, फायबरची. एका एम.बी.ए. झालेल्या मुलाने कारण विचारलं तेव्हा चाचा म्हणाले, "चमकते छान. वजन काही नाही." मुलगा हसला, कारण त्याला वाटलं ते पट्टीबद्दल बोलतायत. आणि लॅमिनेशन केलेली पदवी घेऊन कोणी आलं तर ती ते हातातच घेत नाहीत. "याचा श्वास गेलाय," एवढंच म्हणतात आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतात. ते आपल्या धंद्याबद्दल सांगायचे, "देवाचा फोटो, मयताचा फोटो आणि डिग्री. हे तीनच कागद माणूस काचेत ठेवतो. तिन्हींना नंतर घरात कोणी हात लावत नाही."

पण डिग्रीला हात लागावा, अशी त्यांची मनापासून इच्छा असायची. देवांच्या आणि मयतांच्या फ्रेमची पाठ ते कागदी पट्टी चिकटवून कायमची बंद करतात. पदवीची मात्र कधीच नाही. तिथे नुसते चार खिळे, वाकवून बसवलेले, म्हणजे मूळ कागद हवा तेव्हा बाहेर काढता यावा. कंपन्या मुलाखतीला मूळ प्रमाणपत्र मागतात हे त्यांना चाळीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. जून-जुलैत लोक काखेत फ्रेम मारून पळत यायचे, चाचा खिळे सरळ करायचे, कागद द्यायचे आणि रिकामी फ्रेम नाव लिहून कपाटावर ठेवायचे. एकाला उशीर झाला तर तो फ्रेमसकट मुलाखतीला गेला. "साहेबाने म्हणे विचारलं, खिळापण आणलाय का?" हे सांगताना चाचा अजूनही डोळे पुसतात. त्या रिकाम्या फ्रेमा मोजून ते नोकऱ्यांचा बाजार सांगत, आणि त्यांचा अंदाज वर्तमानपत्राच्या आधी यायचा. गेली काही वर्षं कपाटावर धूळ आहे. मागच्या पावसाळ्यानंतर मी सहज विचारलं तर म्हणाले, "यंदा उघडायला दोन आल्या. त्यातली एक वाळवीमुळे."

माझी बी.ई. त्यांनीच फ्रेम केली, तपकिरी पट्टीत. मी खराडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. लागताना कंपनीने घरबसल्या द्यायची एक परीक्षा घेतली आणि प्रमाणपत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो मागितला. त्यानंतर चार वर्षांत माझी पदवी कोणी विचारलेली नाही. हे ऐकून चाचा बराच वेळ काच पुसत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तुझी डिग्री कामाला लागायच्या आधीच रिटायर."

त्यांच्या घरात एकच पदवी आली आणि ती त्यांनी फ्रेम केली नाही. धाकटी मुलगी सना, माझ्याहून एका वर्षाने लहान, एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन. चाचांच्या सबंध खानदानात कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. निकालाच्या आठवड्यात त्यांनी 'मायक्रोबायोलॉजी' हा शब्द घोटून घोटून पाठ केला आणि मग दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला, गणपतीची तसबीर घेऊन आलेल्या आजींनासुद्धा, सांगितला. "डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवांचं शास्त्र आहे," असं ते समजावून द्यायचे. गल्लीतल्या बायका विरजण का लागलं नाही ते विचारायला सनाकडे यायला लागल्या. पण पदवी फ्रेम का नाही केली असं विचारलं की चाचा हसत. "कामावरची माणसं भिंतीवर टांगत नाहीत. आधी तिला नोकरी लागू दे." ती एका निळ्या फायलीत ठेवलेली होती, आणि नोकरी त्याच कागदावर लागणार याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

अडीच वर्षं ती फाइल पुणेभर फिरली. एका प्रयोगशाळेला अनुभव हवा होता. एका औषध कंपनीने तिच्याऐवजी डिप्लोमाची तीन मुलं घेतली. कॉलेजांना आणखी एक परीक्षा पास झालेली हवी होती, शाळांना बी.एड. आणि संशोधन संस्थेला पीएच.डी. सना कुठे कमी पडत होती आणि कुठे जास्त होत होती; पुरेशी कुठेच होत नव्हती. चाचांचं निदान मात्र ठरलेलं. "त्यांनी नीट वाचली नसेल." एकदा हडपसरच्या एका कंपनीत ते स्वतः तिच्याबरोबर गेले. मुलाखत घेणारी मुलगी फाइल चाळून परत द्यायला बाहेर आली, तेव्हा चाचा पुढे होऊन अदबीने म्हणाले, "आपण पूर्ण वाचलंत का? खाली डिस्टिंक्शन आहे." ती मुलगी हो म्हणाली. चाचांनी विचारलं, "मोठ्याने?" त्यानंतर सना त्यांना घेऊन कुठेही गेली नाही. फायलीची चेन एकदा तुटली, ती त्यांनी मंडईजवळून नवी बसवून आणली. घरात सनाच्या लग्नाचा विषय निघायचा, चाचा तो पुढे ढकलायचे. त्यांच्या बायकोने एकदा माझ्यासमोरच विचारलं, "किती दिवस?" तर म्हणाले, "माल खरा आहे. दुकान सापडायचंय."

आमच्याच खराडीच्या इमारतीत, दोन मजले खाली, एक ऑफिस आहे. तिथे ग्राहकांच्या तक्रारींना टाइप करून उत्तरं द्यायची असतात. पात्रता बारावी, इंग्रजी बरं हवं. सनाने तिथे दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा उत्तर आलं की तुम्ही फार शिकलेल्या आहात, टिकणार नाही. एका संध्याकाळी ती माझ्या खोलीत येऊन बसली आणि माझ्या लॅपटॉपकडे बोट दाखवून म्हणाली, "माझा बायोडेटा उघड. काढून टाक."

"काय?"

"एम.एस्सी. आणि बी.एस्सी.पण. बारावी ठेव."

"मधल्या पाच वर्षांचं काय लिहू?"

"घरी होते लिही. मुलगी आहे ना, कोणी विचारणार नाही."

मी हळू टाइप करणारी आहे, पण पुसायला वेळ लागला नाही. पाच वर्षांच्या दोनच ओळी होत्या. जाताना सना दारात थांबली. "अब्बांना सांगू नकोस. प्लीज. त्यांना वाटू दे की डिग्रीवर लागली." मी मान हलवली. माझ्याकडून लोकांना नेहमी तेवढंच मिळतं.

त्याच ऑफिसात, नव्या ईमेलवरून केलेल्या तिसऱ्या अर्जावर, तिला नोकरी लागली. पुढच्या रविवारी सकाळी चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले. बाबा भाजी आणायला मंडईत गेले होते. चाचांच्या हातात नेमणुकीचं पत्र होतं; सनाच्या नकळत आणलं होतं, हे त्यांनीच सांगितलं. "वाच. मोठ्याने," म्हणाले आणि खुर्चीवर ताठ बसले, जशी त्यांच्या दुकानात गिऱ्हाइकं उभी राहतात तसे. मी वाचायला लागले. नाव, पत्ता, हुद्दा, कामाच्या वेळा. एक ओळ मी सोडली. चाचा उठले, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांनी बरोबर त्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे राहिलं."

मी पत्र त्यांच्याकडे सरकवलं.

"एच.एस.सी.," त्यांनी स्वतःच वाचलं. आवाज सेकंड क्लाससारखा होता. "हे मला येतं वाचता. हिचं काय झालं मग? एम.एस्सी.चं?"

"चाचा, त्यांना जास्त शिकलेलं नको होतं."

"नको होतं."

"हो. म्हणून नाही लिहिलं."

"कोणी?"

"मी. म्हणजे, सनाने सांगितलं, पण टाइप मी केलं."

ते पुन्हा खुर्चीवर बसले. आईने आणलेलं पाणी त्यांनी पूर्ण प्यायलं. मला वाटलं आता काहीतरी कडक ऐकावं लागणार. पण त्यांनी पत्राची घडी पहिल्याच दुमडींवर नीट घातली आणि विचारलं, "कळलं तर काढून टाकतील का तिला?"

"खोटी माहिती दिली म्हणून काढू शकतात."

"बारावी खोटी कुठे आहे? झालीच आहे की ती." मग थोड्या वेळाने, "मला कळलंय हे सनाला सांगू नकोस. फार विचार करून केलं असेल पोरीने." अशा रीतीने एकाच गोष्टीबद्दल बाप आणि लेक दोघांनीही मला गप्प बसायला सांगितलं, आणि दोघांनीही अगदी योग्य व्यक्ती निवडली होती.

त्या दिवसापासून चाचांनी जे काही केलं ते पाहून हसू यायचं आणि मग हसल्याचं वाईट वाटायचं. ज्या माणसाने सबंध गल्लीला मायक्रोबायोलॉजी शिकवली, तो आता ती गल्लीकडून परत घेत फिरू लागला. चहावाल्याला, इस्त्रीवाल्याला, समोरच्या पितळी भांड्यांच्या दुकानात जाऊन त्यांनी हळूच बजावलं: कोणी चौकशीला आलं तर सना बारावी. पितळी भांडीवाले आपटेकाका म्हणाले, "अहो, आमच्या नंदूचं नापास होणं तुम्ही चार वर्षं लपवलंत, आता तुमच्या पोरीचं पास होणं आम्ही लपवतो. त्यात काय." चाचा हसले नाहीत. विरजणाचा प्रश्न घेऊन आलेल्या एका वहिनींना त्यांनी दुकानाच्या दारातूनच परत पाठवलं. "तिला त्यातलं काही कळत नाही," म्हणाले. वहिनी चकित होऊन माझ्याकडे बघत राहिल्या. निळी फाइल त्यांनी घरातून हलवली. कुठे ठेवली ते मला माहीत नाही, मी विचारलं नाही.

महिनाभराने, माझा घरून काम करायचा दिवस होता, तेव्हा खराडीहून सनाचा फोन आला. ती जिन्यात उभी राहून बोलत असावी, आवाज घुमत होता. "ऐक ना, कंपनीचा व्हेरिफिकेशनवाला माणूस निघालाय घरी. पत्ता बघायला येतात. अब्बा त्याला सगळं सांगून टाकतील गं, डिस्टिंक्शनसकट. तू जा आणि काहीतरी बोलत राहा त्यांच्याशी. गुंतवून ठेव." काहीतरी बोलत राहा, हे तिने जगातल्या इतक्या माणसांतून मला सांगितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि पळत दुकानात गेले.

"हे फ्रेम करायचंय," मी म्हणाले.

चाचांनी कॅलेंडर पाहिलं. "चालू महिना आहे हा. संपू दे तरी."

एवढ्यात तो माणूस आलाच. तिशीचा, पाठीला सॅक, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइल. घामाघूम झाला होता. चाचांनी त्याला माझं स्टूल दिलं.

"सना मॅडमचं घर हेच का? आपण कोण?"

"वडील."

"किती वर्षं राहताय इथे?"

"मी नाही. माझे पणजोबा आले राहायला. तेवढी जागा आहे का तुमच्या फॉर्मात?"

तो हसला आणि 'पंधराहून जास्त' असं काहीतरी दाबलं. घर स्वतःचं का, माणसं किती, सगळं विचारून झालं. मग मोबाइलकडे बघत म्हणाला, "शिक्षण बारावी दिलंय. बरोबर?"

चाचांच्या हातात नुकती कापलेली काच होती. मी बोलायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे त्यातून काही आलं नाही. चाचांनी काच आडवी करून टेबलावर ठेवली.

"बारावी," ते म्हणाले.

घराचा काढलेला फोटो अपलोड होत नव्हता म्हणून तो माणूस मोबाइल उंच धरून बसला होता. वेळ जावा म्हणून त्याने भिंतींकडे नजर फिरवली. "एवढ्या डिग्र्या लावता तुम्ही लोकांच्या. मुलीला नाही का शिकवलंत पुढे?"

"नाही जमलं," चाचा म्हणाले. "ती हुशार होती. माझ्याच्याने झालं नाही."

"असतं एकेकाचं." तो माणूस मनाने चांगला होता. त्याने आवाज मऊ केला. "पण काका, अजून वेळ गेलेली नाही. नोकरी करता करता घरून बी.ए. करता येतं आता. विचारा त्यांना."

"सांगतो तिला. बरं झालं आपण सांगितलंत."

"इथे बोटाने सही करा." चाचांनी पंचाला बोट पुसलं आणि मोबाइलच्या काचेवर सही केली. तो माणूस पाणी पिऊन गेला.

मी स्टूल जागेवर सरकवलं. मग माझा फोन वाजला. सना होती. चाचांनी नाव वाचलं आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. नाही, अशी.

"आला होता का? अब्बांनी काय सांगितलं?" सना विचारत होती.

"चाचा चहाला गेले होते," मी म्हणाले. "मीच बोलले त्याच्याशी. झालं सगळं."

"तू बोललीस?"

"हो."

"अल्लाह. किती बरं वाटलं सांगू." ते तिने इतक्या मोठ्याने म्हटलं की शेजारी उभं राहून ऐकता आलं असतं, आणि चाचा ऐकत उभे होतेच. एवढं मोकळं हसताना मी तिला अडीच वर्षांत ऐकलं नव्हतं. हसणं संपेपर्यंत चाचा हलले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावरचा काचेचा बारीक चुरा ब्रशने गोळा केला, तो कागदात बांधला, चष्मा कपाळावर चढवला आणि चपला पायात सरकवल्या.

"चल," ते म्हणाले. "चहा घेऊन येऊ. तेवढं तरी खरं होऊ दे."

आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यमध्ये गेलो. त्यांनी दोन चहा सांगितले, आणि कप हातात येईपर्यंत एकच गोष्ट विचारली: खराडीहून कंपनीची गाडी निघते तेव्हा मुलींना बसायला जागा मिळते का, की उभं राहूनच यावं लागतं. मी सांगितलं, मिळते.